थोरला कोण लागतो

दि. ११ जानेवारी

चि. थोरल्यास अनेक आशीर्वाद.

इकडे आम्ही ठीक आहोत. तिकडे तू, सूनबाई आणि छकुली मजेत असाल असं धरून चालते, कारण तसं नसतं तर धाकटीला कळलं असतं, आणि धाकटीच्या पोटात काही राहत नाही. छकुलीचा फोटो तिने मला फोनवर दाखवला. कपाळ थेट तुझ्या वडिलांचं. मुलगी आहे म्हणून बरं, टक्कल पडायची धास्ती नाही.

पत्र बघून दचकू नकोस. कुणी आजारी नाही. फोन का केला नाही म्हणशील, तर फोनवर तू "हं" म्हणतोस आणि त्या "हं"च्या पुढे मला काही सुचत नाही. पत्रात ते ऐकू येत नाही, मग मी बोलू शकते.

दुकान चालू आहे. थंडी असल्यामुळे ब्लँकेटं फार येतात, ओली झाली की दोघांनाही उचलत नाहीत. दोघं म्हणजे मी आणि प्रेसवाले काका. त्यांचा खांदा गेला, माझे गुडघे गेले. दोघांत मिळून एक धड माणूस होतो, त्यावर लाँड्री चालते. वरच्या खोलीतून सकाळी एकदा उतरते ती संध्याकाळीच परत चढते. मधे काही वर राहिलं तर ते राहिलं.

दुपारी गिऱ्हाईक नसलं की वाचते. वाचनालयवाली आता विचारत नाही, आपणच एखादं जाडसं पुस्तक काढून ठेवते. बारीक दिलं तर मी लगेच परत येते आणि तिला खुर्चीतून उठावं लागतं. मी वाचायला शिकले ती कपडे गुंडाळायच्या रद्दीवर, तुला आठवत असेल. अर्धं पान वाचून व्हायचं आणि उरलेल्या अर्ध्यात कुणाचे तरी पडदे बांधले जायचे. गोष्टीचा शेवट गिऱ्हाईक घेऊन जायचं. आता शेवट हातात असतो, पण पान उलटायची घाई होत नाही.

तुझे वडील गेले त्याला वर्ष होत आलं. तुला तेव्हा यायला जमलं नाही, त्याचं काही मनात ठेवू नकोस. लांबचा प्रवास, नोकरी, सगळं असतं.

हे वर्ष मी एकाच कामात घालवलं. ते वारले हे सांगत फिरले. विजेच्या कचेरीत, पाण्याच्या बिलाच्या खिडकीवर, बँकेत, टेलिफोनवाल्यांकडे. प्रत्येक ठिकाणी दाखला पुढे करायचा, प्रत्येक ठिकाणी त्यांना पुन्हा नव्याने मारायचं. एका खिडकीवरच्या बाईंनी विचारलं, "ते स्वतः येऊ शकत नाहीत का?" मी म्हटलं, "बोलावून बघा. माझं तर ऐकत नाहीत." त्यांचा चेहरा एवढासा झाला. मला नंतर वाईट वाटलं, पण त्या वेळी बरं वाटलं.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. आपली वास्तू, खाली दुकान आणि वर दोन खोल्या, तुझ्या वडिलांनी आजारी पडायच्या आधी माझ्या नावावर करून ठेवली होती. ते तुला माहीत आहे. मी आता सत्तरीला टेकले. माझ्यामागे कुणाचं काय, हे लिहून ठेवावं म्हणते. धाकटीच्या ओळखीच्या एक वकीलबाई आहेत, त्यांच्याकडे जाऊन आले. मृत्युपत्रात नाव घालायचं तर तुझं कागदोपत्री असलेलं पूर्ण नाव, जन्मतारीख आणि पत्ता लागेल. तेवढं कळव. बाकी तुला काही करायचं नाही.

वकीलबाईंनी नंतर फोनवर दुकानातल्या सामानाचंही विचारलं. मी सगळं सांगितलं, बॉयलर, प्रेसचं टेबल, पंखा. मागच्या दांडीवर न नेलेले कपडे टांगलेले आहेत, ते कुणाचे, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, ते आमचे नाहीत. कापड ज्याचं त्याने न्यायचं, तोवर आपण फक्त सांभाळायचं, हा तुझ्या वडिलांचा नियम. विकायचं नाही, वापरायचं नाही, पावती हरवली तरी माणूस आला की द्यायचं. लोक वर्षानुवर्षं येत नाहीत. एका नवरदेवाची शेरवानी आहे, तो बहुतेक आता आजोबा झाला असेल. एक काळा कोटही आहे. असो.

पत्राखाली सही काय करायची हा प्रश्न मला दर वेळी पडतो. तू मला कधी कशाने हाक मारली नाहीस. "ऐका ना, डबा." "ऐका ना, वर दोरीवर कपडे राहिलेत." धाकटी लहान होती तेव्हा लोकांना सांगायची, माझ्या आईचं नाव 'ऐकाना' आहे. वडील पोट धरून हसायचे, आणि तू उठून बाहेर जायचास.

म्हणून नुसतं लिहिते,

घरून


दि. २ फेब्रुवारी

चि. थोरल्यास आशीर्वाद.

तुझं उत्तर पोचलं. मला नाही, धाकटीला, फोनवर. तिने जसंच्या तसं सांगितलं: "त्यांना सांग, मला काही नको. बाबांनी ठरवायचं ते ठरवून टाकलं होतं." सांगताना तिच्या आवाजात थोडं हायसं होतं. मी तिला दोष देत नाही. "बघ," ती म्हणाली, "तोच नको म्हणतोय. आता तरी सही कर."

कसली सही, हे मी मागच्या पत्रात लिहिलं नाही. आता लिहिते.

आम्ही वकीलबाईंकडे गेलो ते मृत्युपत्रासाठी नाही. बक्षीसपत्रासाठी गेलो होतो. सगळं धाकटीच्या नावावर करून द्यायचं आणि मी मोकळं व्हायचं, असं ठरलं होतं. तिने हट्ट केला असं समजू नकोस. ती कामावरून सुटली की आधी इकडे येते, माझी औषधं भरून ठेवते, बँकेच्या रांगेत उभी राहते, मग स्वतःच्या घरी जाऊन स्वयंपाक करते. एके दिवशी जिन्यातच बसली आणि म्हणाली, "आई, तू आजारी पडलीस तर मी कुठल्या कागदावर काय करू? माझ्या नावावर करून टाक ना, एकदाची कटकट मिटेल." तिचे पाय सुजले होते. मी हो म्हटलं. खरं सांगते, तुझा विचार मनात आला नाही असं नाही. आला आणि मी तो बाजूला ठेवला. दमल्यावर माणूस जिथे सांगतील तिथे सही करतो.

वकीलबाईंची खोली एका दवाखान्याच्या वर आहे. खालून औषधांचा वास येतो आणि वर फायलींचा. त्यांनी चष्मा लावला आणि पहिलाच प्रश्न विचारला, "मुलं किती?"

मी म्हटलं, "दोन. थोरला आणि धाकटी."

धाकटी शेजारी बसली होती. ती म्हणाली, "आई."

नुसतं "आई". पण वकीलबाईंचे कान तिखट. त्यांनी पेन खाली ठेवलं. "थोरला तुमचा कोण लागतो?"

"थोरला लागतो."

"तसं नाही, आजी. तुमच्या पोटचा?"

"नाही. ह्यांच्या पहिल्या बायकोचा. मी आले तेव्हा दुसरीत होता."

"मग दत्तक घेतला होतात? रीतसर, कागद करून?"

मी म्हटलं, "घरातल्या घरात कसला दत्तक? तो त्याच्या बापाच्या घरात होता. बाहेरून आले ती मी. घ्यायचंच होतं तर त्याने मला घ्यायला हवं होतं."

त्या हसल्या नाहीत. मला वाटलं होतं हसतील. त्यांनी सावकाश सांगितलं, लहान मुलाला सांगतात तसं. "कायद्याने तो तुमचा कुणी लागत नाही. तुमच्या मिस्टरांच्या नावावर घर असतं तर तो वारस होता. आता ते तुमच्या नावावर आहे. बक्षीसपत्र करा नाही तर करू नका, काही न लिहिता गेलात तरी सगळं मुलीचंच. त्याला उभंही राहता येणार नाही."

मी विचारलं, "हिला आम्ही धाकटी म्हणतो ना? मग थोरला कुणीतरी असणारच. एकुलत्या एका मुलीला कुणी धाकटी म्हणतं का?"

"म्हणत नाहीत," वकीलबाई म्हणाल्या. "पण कोर्टात हे चालणार नाही. तुम्ही मुलगा म्हणून लिहिलंत आणि उद्या कुणी विचारलं, कशावरून, तर काय दाखवाल?"

ते "कशावरून" ऐकलं आणि मी उठले. म्हटलं, आज राहू दे. धाकटीने माझा हात धरून जिना उतरवला. रिक्षात बसल्यावर म्हणाली, "आजचा दिवस फुकट गेला." फुकट गेला नाही, पण ते मला तिला सांगता आलं नाही.

तुला सांगून बघते.

आपल्याकडे कपड्यांना खूण घालायची पद्धत तुला ठाऊक आहे. कॉलरच्या मागे, आतून, रंगीत दोऱ्याचे टाके. प्रत्येक घराचा रंग वेगळा, टाके वेगळे. आपल्या घरची खूण दोन लाल टाके. ती तुझ्या आईने ठरवलेली. मी लग्न होऊन आले तेव्हा वडिलांनी माझ्या कपड्यांनाही दोन लाल टाके घातले. मला विचारलं नाही, तुलाही नाही. त्यांच्या दृष्टीने त्यात विचारण्यासारखं काही नव्हतं. आणि तू ब्लेड घेऊन तुझ्या एकेका शर्टाचे टाके उसवलेस. लाल दोऱ्याचे तुकडे खिडकीत नीट गोळा करून ठेवले होतेस.

लाँड्रीत खूण नसलेला कपडा म्हणजे अनाथ. तो कुठल्याही गाठोड्यात जातो. तुझा शाळेचा शर्ट पोस्टमनच्या घरी गेला आणि त्याचा मुलगा तो घालून तुझ्याच वर्गात येऊन बसला. तू मास्तरांना सांगितलंस, हा माझा आहे. मास्तर म्हणाले, "कशावरून? खूण काय?" तू घरी आलास, दप्तर ठेवलंस आणि जेवलास. रडला नाहीस. हे मला तुझ्याकडून नाही, पोस्टमनच्या बायकोकडून कळलं, जेव्हा मी तो शर्ट मागायला गेले. ती म्हणाली, "अहो, मला काय ठाऊक, आमच्याच मापाचा निघाला."

त्यानंतर मी तुझ्या कपड्यांना माझी खूण घालायला लागले. पांढऱ्यावर पांढरी, निळ्यावर निळी. कॉलरला नाही, बटणपट्टीच्या आत, अगदी खाली. डोळ्याला दिसत नाही, बोटाला लागते. धुऊन वाळून ढीग पडला की मी त्यातून बोट फिरवायचे आणि तुझे कपडे वेगळे काढायचे. वडिलांनाही माहीत नव्हतं. पुन्हा तुझा एकही शर्ट हरवला नाही. तुला वाटलं असेल, नशीब.

हे उपकार म्हणून सांगत नाही. तेव्हा मला घरात शांतता हवी होती आणि तुला शर्ट हवे होते, एवढंच होतं ते. पण वकीलबाई "कशावरून" म्हणाल्या आणि मला टेबलाखाली माझं बोट हलताना दिसलं.

आता दुसरं. मागच्या पत्रात मी लिहिलं की तुला यायला जमलं नाही. ते मी सगळ्यांना सांगते ते वाक्य आहे. तू आला होतास.

वडिलांना खाली आणलं तेव्हा मी दुकानाच्या पायरीवर होते. समोरच्या औषधांच्या दुकानाशी तू उभा होतास, काहीतरी विकत घ्यायला आल्यासारखा, खिशात हात घालून. पांढरा शर्ट होता. कॉलर इस्त्रीने मधून टोकाकडे दाबलेली, त्यामुळे टोकाशी चुणी पडली होती. टोकाकडून मधे यायचं असतं, वडिलांनी तुला शिकवलं होतं. असल्या वेळी माणसाला काय दिसेल सांगता येत नाही. मला ती चुणी दिसली. गाडी हलली, गर्दी सरकली, मग तू दिसला नाहीस. लोक म्हणाले, मुलगा आला नाही. मी काही बोलले नाही. तुझं येणं मला तुझ्याच जवळ राहू द्यायचं होतं.

हाक का मारली नाही? मारली असती तर तुला उत्तर द्यावं लागलं असतं. त्या दिवशी "ऐका ना"ने भागलं नसतं.

तू रस्त्याच्या पलीकडे का राहिलास ते मला कळतं. वडिलांनी घर माझ्या नावावर केलं तेव्हा त्यांनी तुला फोन केला होता. मी शेजारीच होते. "करून टाकलं हिच्या नावावर, आता मी मोकळा," असं ते म्हणाले, फार खुशीत होते. तू पलीकडून "हं" म्हणालास. तेव्हापासून तुझे फोन कमी झाले. ते म्हणायचे, कामात असेल. तुला वाटलं, बापाने बायकोला दिलं आणि मुलाला वगळलं. तुझ्या जागी कुणालाही तेच वाटलं असतं.

मी वकीलबाईंकडून येऊन बरेच दिवस त्याच गोष्टीभोवती फिरले. हा माणूस असं करणारा नव्हता. लोकांची शेरवानी वर्षानुवर्षं सांभाळणारा माणूस. मग मला ते आठवलं. त्या दिवशी कचेरीतून येताना ते जिन्यात धाप लागून थांबले आणि म्हणाले, "चला, मुलांचं काम सोपं झालं. मी गेल्यावर त्यांना माझ्यासाठी हेलपाटे नकोत. तुझं आहे ते त्या दोघांचंच." तेव्हा मी नुसती मान डोलावली, कारण मलाही त्यात काही चुकलंय असं वाटलं नाही.

त्यांचा विचार सरळ होता. आईचं म्हणजे मुलांचं. कुणीही बाप असंच धरतो. फक्त एक गोष्ट त्यांच्या ध्यानातून गेली, आणि ती अशी की कुणालाही वाटावं, ही कशी जाईल. मी तुझी आई नाही, हे ते विसरले होते. मुद्दाम नाही, माझ्यावरच्या मायेने नाही. नुसते विसरले होते, जसं आपण घरातला जिना कुठल्या पायरीला मोडका आहे ते विसरतो आणि तरी पाय बरोबर पडतो.

तुला राग यायचा तर ह्या विसरण्याचा येऊ दे. तो हक्क तुझा आहे, तुझी आई होती आणि ती विसरण्यासारखी नव्हती. पण वगळलं म्हणून नको. त्यांनी वगळलं नाही.

नाव, जन्मतारीख आणि पत्ता. एवढंच पाठव. नकोच असलं तर नंतर सोडून दे, वकीलबाई म्हणाल्या तशी सोय आहे. पण आधी मला लिहू दे. न दिलेलं नाकारता येत नाही.

आज "घरून" लिहावंसं वाटत नाही, आणि दुसरं काही लिहायचा मला अधिकार आहे का ते माहीत नाही. जागा मोकळी सोडते.


दि. २६ फेब्रुवारी

चि. थोरल्यास अनेक आशीर्वाद.

तुझं पाकीट मिळालं. नाव, जन्मतारीख, पत्ता. बाकी एक अक्षर नाही. मी पाकीट उलटं करून झटकलं, काही पडतंय का म्हणून. काका म्हणाले, "वहिनी, पाकिटातून बाहेर काय यायचं, माणूस?" पण अक्षर वडिलांचं निघालं. तसंच उजवीकडे कललेलं, दमलेलं. ते बघत बसले थोडा वेळ.

काल मृत्युपत्र झालं. म्हणजे माझ्याकडून झालं, आता ते उघडायला मी नसेन.

त्याआधी घरात जे झालं ते तुला कळायला हवं, कारण तू त्यात आहेस. धाकटीला मी सांगितलं की बक्षीसपत्र नाही, दोघांना लिहिणार आहे. ती बरेच दिवस नुसती येऊन जात राहिली. औषधं मात्र भरून ठेवत होती, डबीचं झाकण आपटून. मग एकदा भांडी घासता घासता फुटली.

"गॅस संपला की मी धावते. तुझे डोळे मी दाखवून आणले. त्याने तुला एकदा तरी आई म्हटलंय?"

"नाही म्हटलं."

"मग?"

"तुला ताप चढला होता, वडील गावाला गेले होते, तेव्हा तुला पाठुंगळी मारून दवाखान्यात कोणी नेलं? वाटेत त्याच्या मानेवर ओकलीस."

"मला नाही आठवत."

"तुला कसं आठवेल, तू शुद्धीत नव्हतीस. शर्ट मी धुतला. मला आठवतं."

ती बराच वेळ एकच ताट घासत राहिली. मग म्हणाली, "त्याने मला कधी सांगितलं नाही." मी म्हटलं, "तो कुणाला काय सांगतो?" तेव्हा हसली जराशी. नाकातून. पण राग गेला असं समजू नकोस. गेलेला नाही, आणि जायची घाई मी करणार नाही. ती दमली आहे, आणि दमलेल्या माणसाचा राग खरा असतो.

लिहिलं ते असं. वरच्या खोल्या धाकटीला, खालचं दुकान तुला. बँकेत जे आहे ते माझ्या आजारपणातून उरलं तर धाकटीचं, कारण आजारपण तीच काढणार. काका जोवर उभे राहतात तोवर त्यांनी दुकान चालवायचं. वकीलबाईंनी विचारलं, "जिना कुणाचा?" मी म्हटलं, दोघांचा. त्या म्हणाल्या, "एकाच्याच नावावर करा आजी, भावंडांची भांडणं नेमकी जिन्यावरून होतात." मी म्हटलं, "होऊ देत. भांडायला तरी भेटतील."

ह्या वेळी हसल्या.

साक्षीदार दोन लागतात. एक खालच्या दवाखान्यातले डॉक्टर, आणि एक काका. काकांनी आपला जुना कोट घातला होता, डॉक्टरांपेक्षा तेच डॉक्टर दिसत होते. सही करायच्या आधी विचारतात, "मी साक्षीदार, म्हणजे मला पण काही मिळणार?" वकीलबाई म्हणाल्या, "साक्षीदार आहात म्हणूनच काही मिळणार नाही." काका पेन परत करायला निघाले. सगळे हसले, धाकटीसुद्धा. मला खूप दिवसांनी एका खोलीत चार माणसं हसताना ऐकू आली.

तुझ्या नावापुढे तू माझा कोण लागतोस ते लिहायचं होतं. वकीलबाईंनी कायद्याचा शब्द सुचवला. तो मला नको होता, तो शब्द ऐकला की डोळ्यांपुढे उपाशी मूल येतं, आणि तू तर चारदा वाढून घ्यायचास. मग त्यांनी लिहिलं, "पतीस त्यांच्या प्रथम पत्नीपासून झालेला मुलगा." मी म्हटलं, हे सगळं आमच्या लाँड्रीच्या चिठ्ठीवर मावायचं नाही, पण कोर्टासाठी असू दे. खरं आहे आणि तुझी आई त्यात आहे, ती असायला हवी. फक्त त्याच्या आधी दोन शब्द माझे घालायला लावले. "माझा थोरला." त्यांनी धाकटीकडे बघितलं. विचारलं, "तुमची काही हरकत?"

धाकटी म्हणाली, "आहे. पण ती कागदावर लिहायची नाही. त्याच्या तोंडावर सांगायची आहे. त्याला यायला सांगा."

तेवढं सांगायला हे पत्र.

मी पूर्ण मसुदा स्वतः वाचला, ओळीवर बोट ठेवून. वकीलबाईंनी मधे दोनदा घड्याळ बघितलं. माझ्या आयुष्यात शेवटापर्यंत वाचलेला आणि गिऱ्हाईक घेऊन न गेलेला असा हा एक कागद. वाचून सही केली. घरी येऊन झोपले. गुडघे दुखत होते, पण झोप लागली.

एक राहिलं. मागच्या दांडीवरचा तो काळा कोट तुझा. नोकरीच्या मुलाखतीसाठी घेतलेला. तू पहिल्या पगारात नवा घेतलास आणि हा इथेच धुवायला टाकून गेलास. वडील तो दर वर्षी उतरवायचे, झटकायचे, वाफ देऊन पुन्हा टांगायचे. कुणी विचारलं तर म्हणायचे, "गिऱ्हाईक येईल." ह्या वर्षी ते काम माझ्याकडे आलं. वाफ दिली. आत, उजव्या पट्टीखाली, काळ्यावर काळा टाका आहे. अजून घट्ट आहे. बोट लावून बघ.

तो मृत्युपत्रात लिहिलेला नाही. लिहिता येणार नाही, तो माझा नाही. दुकानात टांगलेलं कापड वारशाने मिळत नाही. ते ज्याचं त्यानेच येऊन न्यायचं असतं, दुकानाचा मालक जिवंत असताना, आणि पावती नसली तरी चालते.

दुकान सकाळी उघडतं. पूर्वीसारखंच. मी पुढच्या टेबलाशी असते, कान आता थोडे मंद झालेत, म्हणून दारातून जरा मोठ्याने हाक मार. नेहमीचीच मार. मला दुसरी नको.

वाट बघते.

तुझी,
ऐका ना